नोंद क्रमांक 1: अमेरिकेतल्या पहिल्या छापील कागदाचा शोध आणि एका डिजिटल संग्रहाची घडण

इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये जो पहिला कागद छापला गेला, त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही त्या काळच्या छापील साहित्याच्या सर्वात मोठ्या सूचीत त्याला मानाचा क्रमांक 1 मिळालेला आहे. त्या सूचीवरून पुढे सूक्ष्मछायाचित्रांचा संग्रह झाला, त्यावरून ‘अर्ली अमेरिकन इम्प्रिंट्स’ हा डिजिटल संग्रह उभा राहिला. 1639 ते 1800 या काळातली 36,000हून अधिक पुस्तके, पत्रके, प्रवचने, कायदे आणि पंचांगे त्याच्या पहिल्या मालिकेत आहेत आणि पानांची संख्या 20 लाखांच्या वर जाते. अठराव्या शतकातल्या अमेरिकेवर काम करणारा अभ्यासक आज पहिल्यांदा इथेच येतो.

पण तिथे आल्यावर जे दिसते ते ‘सगळे’ आहे, असे धरून चालणारे अनेक जण भेटतात. एखादा शब्द शोधला, उत्तर शून्य आले, म्हणजे त्या काळी ती गोष्ट नव्हतीच, असा निष्कर्ष थेट प्रबंधात जातो. हे का धोक्याचे आहे ते दाखवायला क्रमांक 1 इतके चांगले प्रकरण दुसरे नाही. या एका नोंदीचा माग काढत गेले की संग्रहाची हाडे न् हाडे दिसतात.

सुरुवात केंब्रिजपासून. इंग्लंडातले नव्हे, मॅसॅच्युसेट्समधले, बॉस्टनच्या शेजारचे. 1638 मध्ये जोस ग्लोव्हर नावाचे धर्मोपदेशक छापखान्याचे सामान, कागद आणि कुटुंबकबिला घेऊन इंग्लंडहून निघाले. वाटेत समुद्रातच ते वारले. त्यांची विधवा एलिझाबेथ ग्लोव्हर सामानासह केंब्रिजला पोचली आणि छापखाना तिने उभा केला. तो चालवायला स्टीफन डे हा माणूस करारावर सोबत आणलेला होता. त्याचा मूळ धंदा कुलपे बनवण्याचा. खिळे जुळवण्याचे काम बहुधा त्याचा मुलगा मॅथ्यू करत असावा. मेक्सिकोत स्पॅनिश लोकांनी याच्या शंभर वर्षे आधी, 1539 मध्ये, छपाई सुरू केली होती. तेव्हा ‘अमेरिकेतला पहिला’ म्हणताना इंग्रजी वसाहतींपुरतेच म्हणायचे.

या छापखान्यातून काय बाहेर पडले हे आपल्याला कळते ते वसाहतीचे गव्हर्नर जॉन विनथ्रॉप यांच्या रोजनिशीतून. 1639 सालच्या एका नोंदीत ते लिहितात की केंब्रिजला छापखाना सुरू झाला, पहिल्यांदा छापली ती ‘फ्रीमन’ची शपथ, मग विल्यम पियर्स या दर्यावर्दीने न्यू इंग्लंडसाठी केलेले पंचांग, आणि मग नव्याने पद्यबद्ध केलेली स्तोत्रे. फ्रीमन म्हणजे वसाहतीच्या कारभारात मताचा अधिकार असलेला पुरुष. ती शपथ घेतल्याशिवाय तो अधिकार मिळत नसे.

तिन्हींचे पुढे काय झाले ते पाहा. स्तोत्रांचे पुस्तक 1640 मध्ये आले, सुमारे 1,700 प्रती काढल्या, त्यातल्या 11 आज शिल्लक आहेत. 2013 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातली एक प्रत 1 कोटी 41 लाख 65 हजार डॉलरला गेली. पंचांगाची एकही प्रत नाही. शपथेचीही नाही. पुस्तक बांधलेले असते, घरात पिढ्यान्‌पिढ्या राहते. पंचांग वर्ष उलटले की रद्दी. शपथ तर अर्ध्या तावावरचा सुटा कागद, माणूस शपथ घेऊन मोकळा झाला की त्या कागदाचे काम संपले. जे सर्वात जास्त हाताळले गेले तेच सर्वात आधी नाहीसे झाले. हा नियम त्या संग्रहातल्या दोन शतकांना सारखाच लागू पडतो. त्यामुळे तिथली प्रवचनांची रेलचेल पाहून लोक फक्त प्रवचनेच वाचत होते असे समजू नये. प्रवचने बांधून ठेवली गेली, एवढेच.

कागद नाही, पण मजकूर आहे. 1634 मध्ये वसाहतीच्या सभेने शपथेचा जो नवा मसुदा मंजूर केला, तो 1647 मध्ये एका छोट्या पुस्तिकेत छापून आला. मेजर जॉन चाइल्ड यांच्या नावावरची ही पुस्तिका मॅसॅच्युसेट्सच्या राज्यकर्त्यांवर टीका करणारी होती. त्या शपथेत इंग्लंडच्या राजाचे नावच नाही. माणूस निष्ठा वाहतो ती ‘या कॉमनवेल्थ’च्या सरकारला. स्वातंत्र्ययुद्धाच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीचा हा मजकूर आहे. त्यामुळे त्यावर इतिहासकारांचा इतका डोळा असतो, यात नवल नाही.

आता गंमत अशी की ही पुस्तिका छापली गेली लंडनमध्ये. म्हणजे अमेरिकेत छापलेल्या पहिल्या कागदाचा मजकूर ज्या छापील साधनात मिळतो, ते साधन अमेरिकन छपाईच्या संग्रहाच्या कक्षेत बसत नाही. ते शोधायचे तर जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या दुसऱ्या डिजिटल संग्रहात जावे लागते. तो डॉनल्ड विंग वगैरेंच्या वेगळ्याच सूचीवर उभा आहे. आणि विनथ्रॉप यांची रोजनिशी तर मुळात हस्तलिखित, ती छापून यायला 1790 उजाडले. म्हणजे क्रमांक 1 बद्दलचे दोन्ही भक्कम पुरावे मूळ रूपात त्या क्रमांकाच्या घराबाहेर पडून आहेत. ‘छापले कुठे’ हा निकष लावून बांधलेल्या संग्रहात हे होणारच. वसाहतींचे लेखक अनेकदा लंडनमध्ये छापून घेत, वसाहतींतल्या दुकानांत लंडनची पुस्तके विकली जात. त्यामुळे वाचणाऱ्याचे जग आणि संग्रहाचे जग यांच्या सीमा एकमेकींवर बसत नाहीत.

मग या न सापडणाऱ्या कागदाला क्रमांक दिला कुणी? चार्ल्स इव्हान्स यांनी. या माणसाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण संग्रहाचे गुण आणि दोष दोन्ही त्यांच्या टेबलावर जन्मले.

इव्हान्स यांचा जन्म बॉस्टनचा, 1850 सालचा. लहानपणीच आईवडील गेले, पोरक्या मुलांच्या शेतकी शाळेत वाढले. सोळाव्या वर्षी बॉस्टन अथेनियम या ग्रंथालयात उमेदवारीला लागले आणि तिथे विल्यम फ्रेडरिक पूल या नाणावलेल्या ग्रंथपालाच्या हाताखाली तयार झाले. 1876 मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले खजिनदार तेच. इंडियानापोलिस, बाल्टिमोर, शिकागो अशा शहरांत त्यांनी ग्रंथालये उभी केली, सांभाळली. पण वरिष्ठांशी पटत नसे. एकामागून एक नोकऱ्या सुटल्या. शिकागो हिस्टॉरिकल सोसायटीतली शेवटची नोकरी 1901 मध्ये गेली तेव्हा पन्नाशी उलटलेली, पदरात कुटुंब. त्या वेळी त्यांनी ठरवले की 1639 पासून 1820 पर्यंत अमेरिकेत छापल्या गेलेल्या प्रत्येक पुस्तकाची, पत्रकाची आणि नियतकालिकाची सूची करायची. एकट्याने. पहिला खंड 1903 मध्ये स्वतःच छापून काढला, वर्गणीदार जमवले, आणि 1934 पर्यंत 12 खंड आणले. 1799 सालातल्या ‘एम’ अक्षरापर्यंत पोचले आणि 1935 मध्ये वारले. त्यांचा मुलगा चिक इव्हान्स 1916 मध्ये अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा दोन्ही गोल्फ स्पर्धा जिंकून देशभर गाजला. वडिलांचे नाव मात्र ग्रंथालयांच्या बाहेर फारसे कुणी घेत नाही.

मराठी वाचकाला इथे शंकर गणेश दाते आठवतील. 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची 1943 मध्ये आली आणि आजही मराठी ग्रंथेतिहासाचे काम तिच्यापासूनच सुरू होते. अशी कामे संस्थेच्या ठरावाने होत नाहीत. एखाद्या माणसाने आयुष्य लावले तरच होतात.

इव्हान्स यांनी नोंदी वर्षवार लावल्या, वर्षाच्या आत लेखकाच्या नावाच्या अक्षरक्रमाने. प्रत्येक नोंदीला एक सलग क्रमांक. जमेल तिथे पूर्ण शीर्षक, गाव, छापणाऱ्याचे नाव, पानांची संख्या, आकार, आणि प्रत कोणकोणत्या ग्रंथालयात आहे त्याची खूण. कल्पना साधी, पण तिची ताकद मोठी. 1776 उघडले की त्या वर्षी अमेरिका काय छापत होती ते डोळ्यांपुढे येते. पुढच्या सगळ्या अभ्यासकांनी ‘इव्हान्स अमुक’ हा क्रमांकच त्या पुस्तकाची ओळख म्हणून वापरला. डिजिटल संग्रहातही तोच क्रमांक चालतो.

अडचण होती ती ‘प्रत्येक’ या शब्दात. सगळ्याच्या सगळ्या प्रती डोळ्यांनी पाहणे एका माणसाला शक्य नव्हते. मग इव्हान्स यांनी जुन्या याद्या घेतल्या, लिलावांचे कॅटलॉग घेतले, आणि जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातीही घेतल्या. बॉस्टनच्या एखाद्या विक्रेत्याने ‘नुकतेच प्रसिद्ध झाले, दुकानात मिळेल’ अशी जाहिरात दिली की त्यांनी ती बॉस्टनची छपाई धरून नोंद केली. प्रत्यक्षात त्यातली कित्येक पुस्तके लंडनहून जहाजाने आलेली असत. कधी वर्गणीदार जमवण्यासाठी आधीच जाहिरात केलेली, पण वर्गणीदार न मिळाल्याने कधीच न छापलेली पुस्तके असत. कधी एकच पुस्तक दोन वेगळ्या शीर्षकांनी जाहिरातीत आलेले असे, त्याच्या दोन नोंदी होत. कधीच अस्तित्वात नसलेल्या अशा पुस्तकांना ग्रंथसूचीकार भुते म्हणतात.

क्रमांक 1 मात्र भूत नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे. तो कागद छापला गेला होता, त्याला समकालीन साक्ष आहे. तो हरवलेला आहे. हरवलेले आणि कधीच नसलेले, दोन्ही सूचीत शेजारी शेजारी, सारख्याच टायपात, सारख्याच आत्मविश्वासाने बसतात. वाचकाने नोंदीच्या शेवटी ग्रंथालयाची खूण आहे की नाही हे पाहिले नाही, तर त्याला फरक कळण्याची सोय नाही.

फरक कळला तो छायाचित्रे काढायची वेळ आली तेव्हा.

वुस्टर, मॅसॅच्युसेट्स इथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आहे. 1812 मध्ये आयझाया थॉमस या मुद्रकाने ती स्थापन केली. हा माणूस क्रांतीच्या काळात ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ हे बंडखोर पत्र काढत असे. 1775 च्या एप्रिलमध्ये, युद्धाची ठिणगी पडण्याच्या दोनतीन दिवस आधी, त्याने रातोरात आपले छापयंत्र बॉस्टनबाहेर काढून वुस्टरला नेले. ते यंत्र सोसायटीत आजही आहे. सोसायटी समुद्रकिनाऱ्यापासून आत ठेवण्यामागेही शत्रूच्या हल्ल्याची धास्ती होतीच, कारण 1812 मध्ये पुन्हा इंग्रजांशी युद्ध सुरू झाले होते. थॉमस यांची नजर दूरची होती. 1810 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या छपाईचा इतिहास लिहिला, आणि 1814 मध्ये बॉस्टनच्या रस्त्यावर विकली जाणारी स्वस्त गाण्यांची तीनशेहून अधिक पत्रके मुद्दाम विकत घेऊन, बांधून, सोसायटीला दिली. सामान्य माणसे या घडीला काय विकत घेतात हे पुढच्यांना कळावे, असा त्यांचा हेतू होता. ती पत्रके आज सोसायटीने जालावर खुली केली आहेत. बाकीच्या शहरांतल्या गाण्यांसाठी असा कुणी थॉमस भेटला नाही, म्हणून ती गेली.

याच सोसायटीचे क्लिफर्ड शिप्टन यांनी इव्हान्स यांचे अपुरे काम पुरे केले. तेरावा खंड 1955 मध्ये आला, 1800 साल संपले, आणि नोंदींची एकूण संख्या झाली 39,162. त्याच सुमाराला अल्बर्ट बोनी हे प्रकाशक पुढे आले. रीडेक्स या त्यांच्या कंपनीकडे ‘मायक्रोप्रिंट’ हे तंत्र होते. साधारण 6 इंच बाय 9 इंचाच्या जाड पांढऱ्या कार्डावर पुस्तकाची 100 पाने सूक्ष्म आकारात छापायची. फिल्ममधून प्रकाश आरपार जातो, या कार्डातून जात नसे. त्यामुळे वरून प्रकाश टाकून प्रतिबिंब मोठे करणारे खास वाचनयंत्र लागे. डोळ्यांना फार त्रास होई असे तेव्हाचे अभ्यासक सांगत. पण ज्या विद्यापीठाकडे एकही मूळ पुस्तक नव्हते त्याच्या कपाटात अमेरिकेची दोन शतके येऊन बसली, हे काही थोडके नव्हे.

यादी करताना प्रत नसली तरी चालते. छायाचित्र काढताना चालत नाही. शिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एकेका क्रमांकाची खरी प्रत शोधावी लागली, आणि तेव्हा भुते बाहेर पडली. शिप्टन यांच्या हिशेबाने इव्हान्स यांच्या दर दहा नोंदींमागे एक तरी भुताची किंवा गंभीर चुकीची होती. उलट बाजूने, इव्हान्स यांच्या नजरेतून सुटलेली हजारो पत्रके आणि पुस्तके रॉजर ब्रिस्टल यांनी गोळा केली. 1969 मध्ये शिप्टन आणि जेम्स मूनी यांनी सगळ्याची एकत्र संक्षिप्त सूची काढली, तीत ब्रिस्टल यांच्याकडून आलेल्या 10,035 नोंदी जास्तीच्या होत्या. म्हणजे मूळ सूचीत जवळजवळ चौथा हिस्सा भर पडली. यातले बरेच सुटे कागद, छोटी पत्रके, स्थानिक छपाई. एका माणसाच्या हाती न लागलेले हेच असायचे.

मला या टप्प्याचे फार महत्त्व वाटते. आज संगणकावर स्वच्छ चित्र उघडते त्यामागे कुणीतरी ग्रंथालयाला पत्र लिहून विचारलेले आहे की ही प्रत तुमच्याकडे खरोखर आहे का, आणि उत्तर ‘नाही’ आले तेव्हा ते नोंदवून ठेवले आहे. 1980 पासून सोसायटीने प्रत हातात घेऊन, यंत्रवाचनीय पद्धतीने, नव्याने सूचीकरण सुरू केले. त्या नोंदींमुळेच मुद्रक, विक्रेता, गाव, विषय यांवरून आजचा शोध शक्य झाला. सोसायटीची ही सूची कुणालाही फुकट पाहता येते आणि संग्रहाच्या आत शिरण्याआधी तीच पाहावी, असा माझा आग्रह आहे.

रीडेक्स पुढे न्यूजबँक या कंपनीकडे गेली आणि 2002 पासून संग्रहाची डिजिटल आवृत्ती येऊ लागली. आता पानांवरचे शब्दही शोधता येऊ लागले. इथे एक नवी चाळण लागली, आणि बहुतेक नवखे अभ्यासक अडकतात ते इथेच.

अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा ‘एस’ लांब काठीसारखा असे, जवळपास ‘एफ’सारखा दिसणारा. 1800 च्या आगेमागे तो अमेरिकन छपाईतून गेला. चित्रावरून अक्षरे ओळखणारी संगणकप्रणाली या लांब ‘एस’ला बिनदिक्कत ‘एफ’ वाचते. ‘शिप’ शोधायला जावे तर यंत्राच्या लेखी तो शब्द ‘एफ-एच-आय-पी’ झालेला असतो. ‘स्लेव्ह’ हा शब्द ‘फ्लेव्ह’ होतो. म्हणजे गुलामांच्या विक्रीवर, गुलामगिरीवर काम करणाऱ्याने सरळ शब्द टाकून शोधले तर त्याच्या हाती येणारी संख्या कमीच असते, आणि किती कमी ते पान दर पान बदलते. त्यात घासलेले खिळे, पानाच्या पाठीकडून डोकावणारी शाई, आणि बहुतांश चित्रे जुन्या सूक्ष्मछायाचित्रांवरून घेतलेली. म्हणून ‘हा शब्द 1750 पूर्वी फक्त इतक्या वेळा येतो’ अशी वाक्ये मी वाचली की मला आधी त्यांनी कोणकोणती रूपे शोधली ते विचारावेसे वाटते. जाणती माणसे दोन्ही रूपे शोधतात, शीर्षक आणि विषय यांवरून वेगळा शोध घेतात, आणि एका दशकातली काही पाने प्रत्यक्ष वाचून यंत्र किती चुकते याचा अंदाज बांधतात.

यावर एक चांगला उपाय मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने झाला. रीडेक्स आणि सोसायटी यांच्या भागीदारीत सुमारे 5,000 पुस्तके माणसांकडून टाइप करून घेतली. अचूकतेची अट कडक होती. 20,000 अक्षरांमागे एका चुकीहून जास्त चालणार नाही. या मजकुरात लांब ‘एस’चा घोळ नाही. मुख्य संग्रह संस्थांना वर्गणी भरूनच मिळतो, आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांना ती परवडणारी नाही. ही 5,000 पुस्तके मात्र सगळ्यांना खुली आहेत, आणि पुण्यातल्या किंवा नांदेडातल्या विद्यार्थ्याला आजच्या आज वाचता येतात. फक्त ती निवडून घेतलेली आहेत, हे विसरू नये. त्यावरून शब्दांची मोजदाद केली तर ती निवडणाऱ्यांच्या आवडीचीही मोजदाद होते.

तारखांचाही एक खोडा आहे. त्या काळी इंग्रजी वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. 1752 मध्ये ही पद्धत बदलली. जानेवारी-फेब्रुवारीत छापलेल्या कागदावरचे साल म्हणूनच एका वर्षाने मागे असू शकते. क्रमांक 1 सुद्धा काही जण 1638 चा धरतात, काही 1639 चा.

आता क्रमांक 1 च्या कहाणीतला सर्वात वाईट भाग. सूचीत नाव आहे, वर्णन आहे, मजकूर माहीत आहे, कुणी छापला ते माहीत आहे, फक्त कागद नाही. असा रिकामा चौरंग कुणाला तरी खुणावणारच. 1985 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या मार्क हॉफमन या जुन्या कागदपत्रांच्या व्यापाऱ्याने जाहीर केले की न्यूयॉर्कच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात 25 डॉलरला घेतलेला एक कागद म्हणजे फ्रीमनची शपथ आहे. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाला (लायब्ररी ऑफ काँग्रेस) त्याने ती 15 लाख डॉलरला देऊ केली. ग्रंथालयाच्या तपासणीत सतराव्या शतकाशी उघड विसंगत असे काही आढळले नाही. पण कागद इतकी वर्षे होता कुठे याचा माग नव्हता आणि किंमत अवाच्या सवा होती. व्यवहार झाला नाही. वुस्टरच्या सोसायटीकडेही तो देऊ केला गेला.

तो कागद हॉफमननेच बनवलेला होता. त्यासाठी त्याने 1640 च्या स्तोत्रांच्या पुस्तकाची प्रतिकृती घेतली होती. शपथ आणि स्तोत्रे एकाच छापखान्यातली, म्हणजे खिळे तेच असणार. त्या प्रतिकृतीतून अक्षरे घेऊन त्याने शपथेचा मजकूर जुळवला आणि त्यावरून जस्ताचा ठसा करून घेतला. दुकानातही आधी स्वतःच एक दुसरा बनावट कागद नेऊन ठेवला होता, त्यावर शपथेचेच नाव घातले होते. तोच विकत घेऊन त्याने त्या नावाची पावती मिळवली. पावती खरी, वस्तू खोटी. मॉर्मन पंथाच्या जुन्या पत्रांच्याही त्याने अनेक नकला केल्या होत्या. पैशांचे देणे गळ्याशी आले तेव्हा 15 ऑक्टोबर 1985 ला त्याने पेरलेल्या बाँबनी दोन माणसांचे जीव घेतले, दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाँबच्या स्फोटात तो स्वतः जखमी झाला. त्याच्या इतर कागदांवरच्या शाईला सूक्ष्मदर्शकाखाली तडे दिसले आणि सारे उलगडले. 1987 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

या प्रकरणातून मला दिसते ते असे. सूचीतली प्रत्येक ‘प्रत उपलब्ध नाही’ ही नोंद खोटारड्याला मापे देऊन ठेवते. आणि खोटी वस्तू एकदा डिजिटल चित्र म्हणून आत शिरली की ती खऱ्याच्या शेजारी सारख्याच उजेडात दिसते. चित्रात कागदाचा स्पर्श, जाडी, उलट बाजूला उमटलेला खिळ्यांचा दाब, काहीच कळत नाही. मूळ प्रत जपणारे ग्रंथालय आणि तिच्या मालकीचा माग ठेवणारा सूचीकार म्हणूनच डिजिटल संग्रहानंतरही लागतातच, आणि त्यांच्या पगाराला कात्री लावून नुसत्या स्कॅनिंगवर खर्च करणे हे मला चुकीचे वाटते.

त्याच केंब्रिजच्या छपाईतले आणखी एक नाव सांगायला हवे. 1663 मध्ये तिथेच मॅसॅच्युसेट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले संपूर्ण बायबल छापले गेले. जॉन एलियट यांचे भाषांतर, आणि छापणारे म्हणून सॅम्युअल ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन यांची नावे. त्या कामात नीपमक जमातीचा वोवाउस हा तरुण होता. खिळे जुळवता जुळवता त्याचे नावच जेम्स प्रिंटर पडले. बायबलवर त्याचे नाव नाही. 1709 च्या स्तोत्रसंग्रहावर मात्र बी. ग्रीन यांच्या जोडीला ‘जे. प्रिंटर’ छापलेले आहे. संग्रहात मुद्रकाच्या नावाने शोधले तर त्याचे चाळीसपन्नास वर्षांचे काम या एका पानापुरते हाती लागते. पुढे ती भाषा बोलणारे उरले नाहीत. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी वोम्पानोआग या तिथल्याच मूळ लोकांमध्ये ती पुन्हा बोलती करायला घेतली, तेव्हा हीच जुनी छपाई कामाला आली.

मराठी अभ्यासकाचा या संग्रहाशी थेट संबंध येतो तो दुसऱ्या मालिकेत, म्हणजे 1801 ते 1819 च्या छपाईत. इव्हान्स यांना 1820 गाठता आले नाही. ते काम राल्फ शॉ आणि रिचर्ड शूमेकर यांनी केले, पण दुसऱ्यांच्या सूच्या आणि ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र करून. भुतांची शक्यता त्यामुळे इथेही आहे. याच वर्षांत अमेरिकन मराठी मिशनचा जन्म झाला. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचे फर्मान काढले, ते कोचीनपर्यंत पळाले, तिथून परत आणले गेले, आणि अखेर राहण्याची परवानगी मिळाली. सॅम्युअल न्यूएल 1814 मध्ये येऊन मिळाले. त्यांची पत्नी हॅरिएट त्याआधीच, 1812 च्या नोव्हेंबरात, मॉरिशसला एकोणिसाव्या वर्षी वारली होती. तिच्या रोजनिशीचे आणि पत्रांचे पुस्तक 1814 पासून न्यू इंग्लंडमध्ये पुन्हा पुन्हा छापले गेले. हॉल आणि न्यूएल यांनी मुंबईतून लिहून पाठवलेले, जगातल्या 60 कोटी माणसांच्या धर्मांतराचा हिशेब मांडणारे पुस्तक 1818 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अँडोव्हरला छापले. आपल्या मुंबईविषयी अमेरिकेत तेव्हा काय वाचले जात होते, हे यातून कळते.

पण क्रमांक 1 ने जे शिकवले ते इथे वापरायला हवे. मिशनचा मुंबईतला छापखाना 1816-17 मध्ये सुरू झाला. तिथे छापलेली मराठी पत्रके मुंबईची छपाई, म्हणून या संग्रहात नाहीत. गणपत कृष्णाजी यांना छापखाना काढण्याची प्रेरणा त्याच मिशन प्रेसवरून मिळाली आणि 1831 मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापले. ती सगळी गोष्ट संग्रहाच्या दोन्ही कुंपणांबाहेर, गावाच्याही आणि सालाच्याही. मिशनऱ्यांची मूळ पत्रे हस्तलिखित, ती हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या संस्थेच्या कागदपत्रांत आहेत. ‘पॅनोप्लिस्ट’ या अमेरिकन धार्मिक मासिकात त्यांतले उतारे छापले जात, ते संपादकाच्या कात्रीतून गेलेले. आणि गावांची नावे शोधायची तर ‘बॉम्बे’ मिळेल, पण ‘माहीम’, ‘ठाणे’, ‘मराठा’ यांची त्या काळची इंग्रजी लेखने चारचार प्रकारची. ‘मराठा’ हा शब्दच ‘माहरत्ता’सारख्या लिखाणाने शोधावा लागतो. हे काम करणाऱ्याने आधी वुस्टरच्या फुकट सूचीत हॉल, नॉट आणि न्यूएल या तीन नावांच्या नोंदी काढाव्यात, प्रत्येक नोंदीपुढे प्रत कुठे आहे ते लिहावे, मग चित्रे मिळतील तिथून मिळवावीत, आणि छापील उतारा हॉटनमधल्या मूळ पत्राशी ताडून पाहता येईल तिथे पाहावा.